चंद्राच्या कक्षीय छायाचित्रांत वेगळ्या रचना शोधायच्या तर नेमकं कसं? (ब्लेअरचे सुळके, नॅक, ओएचआरसी)

निशाचर_मिरज (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

लुनार ऑर्बिटर २ या नासाच्या यानाने नोव्हेंबर १९६६ मध्ये चंद्रावरच्या शांतिसागर या मैदानाच्या पश्चिम भागाचं एक छायाचित्र घेतलं. फ्रेम ६१, हाय रिझोल्यूशनचा तिसरा तुकडा. त्यात बऱ्यापैकी सपाट जमिनीवर काही लांब, टोकदार सावल्या दिसतात. बोइंगमधल्या विल्यम ब्लेअर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्या मांडणीत भूमिती आहे, काटकोन त्रिकोण निघतात, असं तेव्हा म्हटलं. म्हणून त्यांना ‘ब्लेअर कस्पिड्स’, म्हणजे ब्लेअरचे सुळके, हे नाव पडलं.

मला दोन कामं करायची आहेत. पहिलं, तीच जागा आजच्या यानांच्या छायाचित्रांत शोधून हे सुळके स्वतः मोजायचे. दुसरं, तीच पद्धत वापरून शांतिसागराचा एक पट्टा नीट चाळायचा आणि वेगळं काही दिसलं तर त्याची नोंद करायची.

अडतं ते असं: फाइल कोणत्या प्रकारची घ्यावी? सूर्याचा कोन किती असलेली? सावलीवरून उंची काढताना कुठे फसगत होते? आणि कॅमेऱ्याचा किंवा प्रक्रियेचा दोष जमिनीवरच्या वस्तूपासून वेगळा कसा काढायचा? लिनक्स आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) वापरता येतं, लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे. बाण आणि लाल वर्तुळं काढलेल्या व्हिडिओंच्या लिंका कृपया नकोत.

---

कक्षा_५०

चांगला विषय घेतलात. आधी कॅमेऱ्यांचे आकडे बघू, कारण काय दिसू शकतं ते तिथेच ठरतं.

लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर (एलआरओ) जून २००९ मध्ये निघाला. त्याच्या नॅरो अँगल कॅमेऱ्याचा, म्हणजे नॅकचा, पिक्सेल ५० किमी उंचीवरून ०.५ मीटरचा पडतो. डावा आणि उजवा असे दोन कॅमेरे मिळून ५ किमी रुंदीचा पट्टा टिपतात. एका कॅमेऱ्याच्या पूर्ण फाइलमध्ये ५,०६४ पिक्सेल रुंदी आणि ५२,२२४ ओळी, म्हणजे साडेसव्वीस कोटींच्या आसपास पिक्सेल असतात. साध्या एचडी पडद्यावर खऱ्या आकारात बघायचं तर सव्वाशेहून जास्त पडदे होतात. ‘पट्टा चाळणं’ म्हणजे काय, याचा अंदाज यावरून यावा. त्याच यानाचा वाइड अँगल कॅमेरा १०० मीटर प्रति पिक्सेलचा आहे, तो फक्त संदर्भासाठी. जपानच्या कागुयाचा टेरेन कॅमेरा १० मीटर, चांद्रयान-१ चा टीएमसी कॅमेरा ५ मीटर. चांद्रयान-२ चा ओएचआरसी कॅमेरा १०० किमीवरून ०.२५ मीटर देतो. चंद्राभोवती फिरणारा इतका तीक्ष्ण कॅमेरा दुसरा नाही, पण त्याचा पट्टा ३ किमीचा आणि टिपलेला भाग मोजकाच.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. डिसेंबर २०११ पासून एलआरओ लंबवर्तुळाकार कक्षेत आहे आणि ती दक्षिण ध्रुवाकडे चंद्राच्या जवळ येते. त्यामुळे त्यानंतरच्या छायाचित्रांत विषुववृत्ताकडे आणि उत्तरेकडे पिक्सेल मोठा होत जातो. शांतिसागरासाठी २००९ ते २०११ मधली छायाचित्रं आधी बघा.

आता क्रम. क्विकमॅप या एलआरओच्या वेब नकाशावर जागा गाठा, त्या बिंदूवरून गेलेल्या नॅकच्या पट्ट्यांची यादी काढा आणि प्रत्येकाचा आपाती कोन, कॅमेऱ्याचा कल, पिक्सेलचा आकार आणि सूर्याची दिशा एका तक्त्यात उतरवा. आपाती कोन म्हणजे सूर्य डोक्यावरून किती अंश कलला आहे ते. ८० अंश असेल तर सूर्य क्षितिजापासून फक्त १० अंश वर. त्या तक्त्यातून किमान चार निवडा: सकाळचा कलता सूर्य (७० ते ८०), संध्याकाळचा कलता सूर्य, मधला (५० ते ६०) आणि भर दुपारचा (३० पेक्षा कमी). कलत्या उन्हात उंचसखलपणा दिसतो. दुपारच्या उन्हात सावल्या जवळपास नाहीशा होतात आणि फक्त जमिनीचा गडद-फिकटपणा उरतो. जी ‘रचना’ एकाच उन्हात दिसते आणि बाकी तिन्हींत सापडत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

ब्राउझरमधल्या चित्रावर मोजमाप कधीच करू नका, ते दाबून लहान केलेलं असतं. झटपट बघायला कॅलिब्रेट केलेली सीडीआर फाइल घ्या. १६ बिटची असल्यामुळे ती अर्ध्या जीबीच्या आसपास जाते, पण क्यूजीआयएस ती उघडतं. नकाशावर बसवायचं असेल तर कच्ची ईडीआर घेऊन आयसिस या ग्रहचित्रांच्या सॉफ्टवेअरमधून काढा: एलआरओनॅकटूआयसिस, मग स्पाइसइनिट (कर्नल, म्हणजे यानाची जागा आणि दिशा सांगणाऱ्या फाइली, उतरवायच्या नसतील तर वेबचा पर्याय चालू ठेवा), मग एलआरओनॅककॅल, एलआरओनॅकइको आणि शेवटी कॅमटूमॅप. इकोची पायरी गाळू नका. इलेक्ट्रॉनिक्समुळे उजळ-गडद कडेला लागूनच तिची एक फिकट प्रतिकृती उमटते, ती या पायरीने जाते. ती तशीच राहिली तर दगडाला ‘दुहेरी भिंत’ असल्यासारखं दिसतं.

हे सगळं करूनही दोन छायाचित्रं एकमेकांवर ठेवली की दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतात. शेजारची पाच-सहा लहान विवरं धरून हाताने जुळवा. अक्षांश-रेखांशांवर विसंबून ‘वस्तू हलली’ असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात.

ब्लेअरची जागा शोधताना एक युक्ती उपयोगी पडते. १९६६ च्या फ्रेममध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा-अकरा अंश वर होता. नॅकमध्येही तितकाच कललेला आणि त्याच बाजूचा सूर्य असलेलं छायाचित्र आधी घ्या. दुपारचं घेतलं तर जागा ओळखूच येणार नाही, लहान विवरंसुद्धा वेगळी भासतात. आधी मोठ्या विवरांनी, मग मध्यम, मग लहान, अशा क्रमाने खाली या. एकदा जागा पक्की झाली की मग उरलेल्या तीन उन्हांकडे वळा.

---

सावलीचं_गणित

कक्षा_५० यांनी फाइलींचं नीट सांगितलंय, मी फक्त उंचीबद्दल लिहितो. ब्लेअर प्रकरणाचा सगळा गाभा तिथेच आहे.

सपाट जमिनीवर सूत्र सोपं आहे: उंची = सावलीची लांबी × सूर्याच्या उन्नतांशाचा टॅन. उन्नतांश म्हणजे सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे ते. आपाती कोन ८० अंश, म्हणजे उन्नतांश १०, टॅन ०.१७६. सावली २० पिक्सेल भरली आणि पिक्सेल ०.५ मीटरचा असला तर लांबी १० मीटर, उंची १.७६ मीटर. म्हणजे माणसाएवढा उंच एक साधा दगड या उन्हात दहा मीटरचा काळा सुळका पाडतो. छायाचित्रात आपल्याला टोकदार दिसते ती सावली. वस्तू स्वतः चार पिक्सेलांचा उजळ ठिपका असते. ‘सुळके’ हा शब्दच सावल्या बघून आलेला आहे.

आता फसगतीची जागा. जमीन सावलीच्या दिशेने उतरती असली तर सावली ताणली जाते. अशा वेळी आडवी लांबी = उंची ÷ (उन्नतांशाचा टॅन − उताराचा टॅन). उन्नतांश १०, उतार शून्य: सावली उंचीच्या ५.७ पट. उन्नतांश तोच, उतार फक्त ५ अंश: ११.३ पट. पाच अंशांचा उतार वरून बघताना डोळ्याला कळतसुद्धा नाही, पण तेवढ्याने तुमची उंची दुप्पट होऊन बसते. जुन्या, झिजलेल्या विवराच्या आतल्या बाजूला असा उतार हमखास सापडतो. उलट चढावर सावली आखडते आणि उंच वस्तू बुटकी वाटते.

उतार कुठून काढायचा? एसएलडीईएम २०१५ हा एलआरओचा लेझर उंचीमापक आणि कागुया मिळून केलेला नकाशा ६० अक्षांशांपर्यंत मिळतो. पण विषुववृत्ताजवळ त्याची चौकट साधारण ६० मीटरची आहे. दहा मीटरच्या सावलीखालचा उतार त्यात दिसत नाही. काही निवडक जागांचे नॅकच्या जोड्यांवरून केलेले बारीक उंची-नकाशे आहेत. तुमची जागा त्यात असेल तर उत्तम. नसेल तर सावली दोन वेगळ्या उन्नतांशांना मोजा, शक्यतो सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सपाट जमीन असेल तर दोन्ही उंच्या जुळतात. जुळल्या नाहीत तर उतार आहे, आणि कोणती बाजू उतरती तेही त्यावरून कळतं. त्याच बाजूचे दोन उन्नतांश मिळाले तर दोन समीकरणांतून उंची आणि उतार दोन्ही सुटतात, मात्र सावलीखाली उतार सगळीकडे सारखाच आहे असं गृहीत धरावं लागतं.

सावलीचं टोक नेमकं कुठे संपतं हाही प्रश्न आहे. चंद्रावर हवा नसली तरी सूर्य बिंदू नाही, त्याची तबकडी अर्ध्या अंशाहून किंचित मोठी आहे. त्यामुळे टोक धूसर होतं. उन्नतांश १० असताना ही धूसरता सावलीच्या लांबीच्या सुमारे ५ टक्के असते, ३ अंशांवर ती १८ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून मोजायला ८ ते २० अंश उन्नतांश बरा. ध्रुवाजवळ सूर्य दीड अंशाच्या वर फारसा येतच नाही, तिथे सावलीवरून लहान वस्तूंची उंची काढायचा हट्ट सोडा.

सावलीशिवायची एक तपासणीही आहे. एलआरओ कधीकधी यान कलवून तीच जागा तिरकी टिपतो. १५ मीटर उंचीची उभी वस्तू २० अंश कलातून साडेपाच मीटर सरकलेली दिसली पाहिजे, म्हणजे अर्ध्या मीटरच्या पिक्सेलला ११ पिक्सेल. एवढा सरक लपत नाही. वस्तू सरकली नाही तर ती बुटकी आहे, सावली कितीही लांब असो. ब्लेअरच्या जागी हे करून बघा. नॅकमध्ये तिथे पडलेले मोठे दगड दिसतात, बांधलेलं काही दिसत नाही.

त्रिकोणांबद्दल: सात ठिपके घेतले तर ३५ त्रिकोण आणि १०५ कोन निघतात. त्यातला एखाद-दुसरा कोन ९० च्या दोन अंश अलीकडे-पलीकडे येणारच. मांडणीबद्दल काही म्हणायचं असेल तर आधी आसपासच्या चौरस किलोमीटरमधले त्याच आकाराचे सगळे दगड मोजा, मग तितकेच बिंदू संगणकाने हजार वेळा यादृच्छिक टाकून तुलना करा. निवडक सात घेऊन रेघा जोडल्या तर हवा तो आकार मिळतो.

---

फिल्म_आणि_फीत

लुनार ऑर्बिटरच्या चित्रांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘चंद्रावरचे मनोरे’ म्हणून जे फिरतं त्यातलं खूपसं या पाच यानांच्या (१९६६-६७) फिल्ममधून आलं आहे.

ही चित्रं डिजिटल नव्हती. यानावर ७० मिमीची फिल्म होती, ती तिथेच बायमॅट नावाच्या ओलसर पट्टीशी दाबून धुतली जायची, मग प्रकाशाच्या बारीक ठिपक्याने पट्ट्यापट्ट्यांत वाचून सिग्नल पृथ्वीवर यायचा. इथे तो फितीवर साठवायचे आणि ३५ मिमी फिल्मवर पुन्हा उमटवायचे, मग त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून पूर्ण फ्रेम तयार व्हायची. या प्रत्येक टप्प्यावर आपापले दोष आहेत, आणि ते ओळखता येतात.

समांतर रेघा आणि दर पट्टीत एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे बदलणारा उजेड, हा वाचनाचा दोष. एखादी ‘भिंत’ बरोबर पट्टीच्या कडेवर संपत असेल तर ती भिंत चंद्रावर नाही. बायमॅट नीट चिकटली नाही की पांढरे गोल किंवा लांबट डाग राहतात, कधी जाळीसारखी नक्षी येते. डागाला सावली नसते, किंवा असली तरी ती सूर्याच्या दिशेशी जुळत नाही. क्षितिजावर उभा दिसणारा उजळ ‘मनोरा’ दिसला तर पहिला संशय याचाच घ्यावा. ठरावीक अंतरावरच्या बारीक फुल्या फिल्मवर आधीच छापलेल्या होत्या. त्या मोजमापासाठी आहेत, पण पुसट झालेली फुली मोठी करून बघितली की छान ‘अँटेना’ दिसते.

शक्य असेल तर पुस्तकातून स्कॅन केलेलं चित्र वापरू नका. नासाच्या एम्स केंद्रात, बंद पडलेल्या एका मॅकडोनाल्डच्या इमारतीत, लुनार ऑर्बिटरच्या मूळ चुंबकीय फिती वाचण्याचं काम झालं. जुने अँपेक्स एफआर-९०० यंत्र दुरुस्त करून २००८ मध्ये पहिलं चित्र बाहेर आलं. फितीवरून काढलेल्या चित्रांत उजळ आणि गडद भागांतला तपशील छापील प्रतीपेक्षा कितीतरी जास्त आहे. छपाईत भर पडलेले डाग या प्रतीत नसतात, यानावरचे असतात. एकच फ्रेम दोन्ही प्रतींत ठेवून बघितली की दोष कुठल्या टप्प्यावर आला ते आपोआप कळतं.

आता डिजिटल कॅमेऱ्यांचे दोष. नॅक आणि ओएचआरसी ओळीने टिपणारे कॅमेरे आहेत. खराब पिक्सेल असेल तर ठिपका येत नाही, यानाच्या प्रवासाच्या दिशेने अखंड रेघ येते. ‘सरळ रस्ता’ सापडला तर आधी तो चित्राच्या उभ्या कडेला समांतर आहे का बघा. वैश्विक किरणाचा फटका एक-दोन पिक्सेल उजळवतो आणि पुढच्या छायाचित्रात नसतो. जेपीजी आठ बाय आठ पिक्सेलांच्या चौकटीत दाबतो. सावलीच्या गडद भागात कॉन्ट्रास्ट ताणला की या चौकटी वर येतात आणि काटकोनात बांधलेलं गाव दिसायला लागतं. अंतर आठच्या पटीत येतं का ते मोजा, एका मिनिटात निकाल लागतो. मोझेकच्या, म्हणजे अनेक छायाचित्रं जोडून केलेल्या चित्राच्या, जोडावर सूर्याची दिशा अचानक बदलते. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या विवरांत सावली कुठल्या कडेला आहे ते बघितलं की जोड सापडतो.

कच्ची नॅक फाइल आरशातल्यासारखी उलटी असू शकते, कारण यान वर्षातून दोनदा वळतं आणि मग उलट्या तोंडाने उडतं. नकाशावर बसवण्याआधी दिशांबद्दल बोलू नका. आणि खड्डा की टेकडी हा गोंधळ झाला तर चित्र असं फिरवा की ऊन पडद्याच्या वरच्या बाजूने येईल. डोळ्याला तीच सवय असते, खड्डे पुन्हा खड्डे दिसतात.

शेवटचं आणि सध्या सगळ्यात त्रासाचं: एआयने चित्र मोठं करणारी ॲप. ती हरवलेला तपशील परत आणत नाहीत, शिकवणीच्या चित्रांतल्या कडा भरतात, आणि त्या चित्रांत इमारती भरपूर असतात. चार पिक्सेलांच्या दगडाला त्यातून खिडक्या येतात. मोजमापाच्या कामात हे अजिबात वापरू नका. मोठं करायचं तर पिक्सेल चौकोनी दिसतील असं साधं ‘निअरेस्ट नेबर’ ठेवा.

---

निशाचर_मिरज

सर्वांचे आभार. उताराचा मुद्दा माझ्या गणितात नव्हताच. एक शंका: खरोखर कृत्रिम वस्तू अर्ध्या मीटरच्या पिक्सेलमध्ये कशी दिसते? ते माहीत नसेल तर समोर आली तरी मी ओळखणार नाही.

---

विक्रम_पाठलाग

अगदी योग्य शंका. आधी माहीत असलेल्या वस्तूंवर डोळा बसवा, मगच नवीन शोधा. सोप्याकडून अवघडाकडे जा.

अपोलो ११, उत्तर ०.६७४, पूर्व २३.४७३. तुमच्या शांतिसागरातच आहे. अपोलोच्या लँडरचा खालचा टप्पा सव्वाचार मीटरच्या आसपास रुंद, पायांसकट साडेनऊ मीटर. नॅकमध्ये अंगाचे आठ-नऊ पिक्सेल भरतात. अपोलो १७, उत्तर २०.१९१, पूर्व ३०.७७२: इथे गाडीच्या चाकोऱ्या आणि पावलांच्या गडद वाटा वस्तूपेक्षा जास्त ठळक दिसतात. २०११ मध्ये एलआरओ मुद्दाम २१ किमीपर्यंत खाली आणला होता, त्या वेळची चित्रं इथे घ्या.

मग लुनोखोद १, उत्तर ३८.३१५, पूर्व ३२४.९९२. ही सोव्हिएत गाडी १९७० च्या दशकात हरवली होती. २०१० मध्ये नॅकच्या चित्रांत ती सापडली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिच्या आरशावरून लेझरचा परतावाही मिळाला. लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे चार-पाच पिक्सेल. एकटी बघितली तर दगडच. ती पक्की झाली चाकोऱ्यांवरून आणि लेझरवरून. रेखांश लिहिताना इथेच लोक चुकतात: ३२४.९९२ पूर्व म्हणजे ३५.००८ पश्चिम. कोणती पद्धत वापरताय ते प्रत्येक नोंदीत लिहा.

आता आपल्या विक्रमचं प्रकरण, कारण पद्धत शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर आदळला. नासाने १७ सप्टेंबरच्या छायाचित्रांचं मोझेक खुलं केलं. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी आधीची आणि नंतरची चित्रं ताडून एक उजळ ठिपका दाखवला, नासाने २ डिसेंबर २०१९ रोजी त्याला दुजोरा दिला. तो तुकडा मुख्य आघातस्थळापासून सुमारे ७५० मीटर वायव्येला होता. इतक्या लहान वस्तूला आकार नसतो. जे ओळखू आलं ते बदलामुळे: आधीच्या चित्रात नसलेलं नंतरच्या चित्रात दिसलं. म्हणून आधी-नंतरची जोडी घ्यावी, उन्हाचा कोन दोन-तीन अंशांच्या आत आणि सूर्याची दिशाही तीच, दोन्ही चित्रं जुळवून एकाला दुसऱ्याने भागावं. फरक नसेल तिथे सपाट करडा रंग येतो, नवा आघात किंवा उडालेली धूळ लगेच उठून दिसते.

चांद्रयान-३ चा लँडर, दक्षिण ६९.३७३, पूर्व ३२.३१९. दोन मीटरचा चौकोन, नॅकमध्ये चार पिक्सेल, ओएचआरसीमध्ये आठ. दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं शेजारी ठेवून बघा, चार आणि आठ पिक्सेलांत काय फरक पडतो तो शंभर ओळी वाचून कळणार नाही. ओएचआरसीची माहिती इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मोफत नोंदणी करून मिळते. झिपमध्ये चित्राबरोबर एक्सएमएल लेबल आणि अक्षांश-रेखांशांची सीएसव्ही येते. क्यूजीआयएसमध्ये .आयएमजी ओढू नका, एक्सएमएल उघडा, मग चित्र नीट वाचलं जातं. जागेचा सरक शेकडो मीटर असू शकतो, नॅकवर हाताने जुळवा.

माझा अंदाज असा: ‘काहीतरी आहे’ म्हणायला तीन ते पाच पिक्सेल पुरतात, आकाराबद्दल बोलायला किमान दहा हवेत. चीनच्या युतू-२ गाडीने ८० मीटर अंतरावरून क्षितिजावर चौकोनी ‘झोपडी’ टिपल्याची बातमी डिसेंबर २०२१ मध्ये आली होती. जवळ गेल्यावर तो लहानसा दगड निघाला. ती तर जमिनीवरून बघत होती.

---

खड्ड्यांचा_माग

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एका बाबतीत वेगळं मत मांडतो. फक्त ‘बांधलेलं’ शोधायला बसलात तर खरोखरचं वेगळं डोळ्यांसमोरून निघून जाईल. तुमच्याच पट्ट्याच्या पूर्वेला, उत्तर ८.३, पूर्व ३३.२ ला, सुमारे १०० मीटर तोंडाचा आणि त्याहून खोल उभ्या भिंतींचा खड्डा आहे. २०२४ मध्ये जुन्या रडार नोंदींवरून त्याच्या तळातून पोकळी पुढे गेल्याचं दाखवलं गेलं. मारियस टेकड्यांतला खड्डा कागुयाच्या चित्रांत सापडला. किंग विवराजवळ वितळून गोठलेल्या खडकात २० मीटर लांबीचा नैसर्गिक पूल आहे. इना नावाचा दोन-तीन किमीचा विचित्र खड्डा अपोलो १५ च्या चित्रांत दिसला, आणि नॅकमुळे तसे सत्तरएक ठिपके माहीत झाले. ४ मार्च २०२२ रोजी रॉकेटचा टप्पा हर्ट्झस्प्रुंग विवराजवळ आदळून १८ आणि १६ मीटरची जोडविवरं झाली. एका रॉकेटने दोन खड्डे का केले, हा प्रश्न पुरेसा वेगळा आहे. शोधयादीत खड्डे, पूल, दगड घरंगळल्याच्या वाटा, नव्या आघातांचे डाग आणि कृत्रिम वस्तू असे वेगवेगळे रकाने ठेवा.

कृत्रिम वस्तूंचा शोध थिल्लर समजू नका. पॉल डेव्हिस आणि रॉबर्ट वॅग्नर यांनी एलआरओच्या चित्रांत परग्रहीय अवशेष शोधण्याबद्दल रीतसर शोधनिबंध लिहिला आहे. शक्यता फार कमी, पण चित्रं आधीच काढलेली आहेत, म्हणून खर्चही कमी, असा त्यांचा मुद्दा. मात्र काळाचा हिशेब ठेवा. उल्कांच्या माऱ्याने काही मीटरच्या दगडांपैकी निम्मे ४ ते ८ कोटी वर्षांत मोडून जातात. प्राचीन वस्तू असलीच तर ती कोऱ्या कडांची नसेल.

यंत्राकडून चाळून घ्यायचं असेल तर: २०२० च्या एका कामात व्हेरिएशनल ऑटोएन्कोडरला (नेहमीचं काय ते शिकून वेगळं काढणाऱ्या एका न्यूरल नेटवर्कला) नॅकचे बिनलेबलचे तुकडे शिकवले आणि त्याने अपोलो १५ चा लँडर वेगळा काढला. लॅपटॉपवर करता येतं, पण तुकड्यांचा हिशेब आधी करा. ६४ × ६४ चे तुकडे निम्मे एकमेकांवर चढवून घेतले तर एका पूर्ण फाइलचे सुमारे २ लाख ५६ हजार होतात. हजारात एक चुकीचा इशारा आला तरी दर फाइलमागे २५६ तुकडे हाताने बघायचे. म्हणून आपाती कोनाचा पट्टा अरुंद ठेवा (६० ते ७०), प्रत्येक तुकड्याचा उजेड सारखा करा आणि वेगळ्या उन्हातल्या फाइली एकत्र शिकवू नका, नाहीतर यंत्र सावल्यांची लांबी शिकतं आणि विवरांच्या कडा वर काढून देतं. अपोलोच्या जागा शिकवणीतून बाहेर ठेवा. शेवटी त्याच वरच्या यादीत येतात का ते बघा. आल्या नाहीत तर बाकी यादी बघण्यात अर्थ नाही.

---

निशाचर_मिरज

ठरलं. आधी अपोलो ११, मग ब्लेअरची जागा चार उन्हांत, मग पट्टा. नोंद कशी ठेवू? फक्त अक्षांश-रेखांश पुरतील का?

---

कक्षा_५०

नाही पुरत. कर्नल सुधारली की त्याच पिक्सेलचे अक्षांश-रेखांश बदलतात. फाइलचा पूर्ण क्रमांक (एम पासून शेवटच्या एल किंवा आर पर्यंत), कच्च्या फाइलमधला स्तंभ आणि ओळ, हे आधी. त्यापुढे अक्षांश-रेखांश आणि रेखांशाची पद्धत, आपाती कोन, कॅमेऱ्याचा कल, सूर्याची दिशा, पिक्सेलचा आकार, वस्तूचे पिक्सेल आणि सावलीचे पिक्सेल वेगवेगळे, दुसऱ्या उन्हातल्या फाइलचा क्रमांक, दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसली की नाही. सोबत २०० × २०० पिक्सेलचा कच्चा तुकडा टिफमध्ये, कॉन्ट्रास्ट न ताणता. ताणलेला हवा असेल तर वेगळा ठेवा आणि किमान-कमाल किती धरलं ते नावातच लिहा. नाकारलेल्या जागाही याच तक्त्यात, कारणासह: जेपीजी, जोड, उतार, दगड, जे असेल ते. पुढच्या वेळी तीच जागा पुन्हा दिसली की तासभर वाचतो.

ब्लेअरच्या चार फाइलींचे क्रमांक काढलेत की इथे टाका, सावल्या मीही स्वतंत्रपणे मोजतो. दोघांच्या आकड्यांत एका पिक्सेलपेक्षा जास्त फरक आला तर टोक कुठे धरायचं ते आधी ठरवू.